‘फुल’ हा ‘पूर्ण’चा मुलगा नव्हे, भाऊ आहे

मंडळी, आज जरा भांडायचे आहे. ज्यांच्याशी भांडायचे आहे ती घरचीच माणसे आहेत, त्यामुळे राग मानू नये. मानलाच, तरी दिवाळीत फराळाला यावे.

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दर दोन-चार महिन्यांनी एक यादी फिरते. मदर म्हणजे मातृ, डोअर म्हणजे द्वार, नेम म्हणजे नाम, आणि ‘फुल’ म्हणजे ‘पूर्ण’चा अपभ्रंश. दुसऱ्या एका यादीत हाच ‘फुल’ संस्कृत ‘फुल्ल’पासून निघालेला असतो. दोन्ही याद्या एकाच आठवड्यात येतात आणि दोन्हींना तीच माणसे हात जोडतात! खाली ठरलेले वाक्य असते: संस्कृत ही जगातील सर्व भाषांची जननी आहे, गर्व असेल तर पुढे पाठवा. भावजींनी ही यादी टाकली की परदेशात शिकणारा आमचा भाचा उसळतो. त्याचे म्हणणे, “आत्या, हे मूळ भाषा वगैरे सगळे युरोपियनांनी घरात बसून रचलेले आहे. शब्दाच्या डोक्यावर तारा काढायचा आणि म्हणायचे, हा पूर्वी होता. ऐकला कुणी?”

एकाला सगळे आपलेच वाटते, दुसऱ्याला सगळे थोतांड वाटते. माझ्या मते दोघेही चुकत आहेत, आणि दोघेही एकाच कारणाने चुकत आहेत: शब्द तपासायची तसदी घ्यायची नाही. पण भावजींच्या यादीने आणखी एक नुकसान होते, आणि ते इंग्रजीचे होत नाही, आपल्या मराठीचे होते. ते शेवटी सांगते. आधी हा एकच शब्द नीट पाहू.

इंग्रजीत ‘फुल’. जर्मनमध्ये ‘फोल’ (लिहिताना पहिले अक्षर वेगळे, उच्चार ‘फ’चाच). जुन्या नॉर्समध्ये ‘फुल्ल्र’. गॉथिक भाषेत ‘फुल्स’. या भाषेतले बायबल चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने सिद्ध केले, आणि त्याची सहाव्या शतकातली चांदीच्या अक्षरांची पोथी आज स्वीडनमध्ये उप्साला येथे आहे. या सख्ख्या बहिणींचे शब्द शेजारी ठेवले की त्यांच्या आईच्या तोंडी हे विशेषण कसे असेल याचा अंदाज बांधता येतो. त्या आईला आदिजर्मानिक म्हणतात. इसवी सनापूर्वी ५०० च्या आसपास दक्षिण स्कँडिनेव्हिया आणि उत्तर जर्मनीच्या भागात ती बोलली जात होती. तिने काही लिहून ठेवलेले नाही. तिच्यातला हा शब्द अभ्यासक असा लिहितात: *फुल्लझ्. (शेवटचा झ् ‘झू’मधल्यासारखा म्हणायचा.)

त्या ताऱ्याला घाबरायचे कारण नाही. विधानसभेत तारांकित प्रश्न असतो, त्याला मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते. हा तारांकित शब्दही तसाच आहे. तारा म्हणजे ‘हा शब्द लिहिलेला सापडलेला नाही, तर्काने उभा केला आहे, विचारा, उत्तर देतो’. आमच्या यादीतल्या शब्दांवर असा तारा कधी नसतो, कारण तिथे उत्तर द्यायला कुणी उभेच राहत नाही.

तर विचारू या. *फुल्लझ् आला कुठून?

पहिला प्रश्न ‘फ’चा. १८२२ साली याकोब ग्रिमने (परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांतला थोरला) आपल्या जर्मन व्याकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत एक नियम मांडला. त्याच्या आधी डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने हेच बरेचसे पाहिले होते. नियमाचा एक भाग असा: जिथे संस्कृत, ग्रीक, लॅटिनमध्ये ‘प’ आहे, तिथे जर्मानिक भाषांत ‘फ’ येतो. पितृ आणि फादर. पद आणि फूट. पंच आणि फाइव्ह. पशु आणि जर्मनमधला ‘फी’, म्हणजे गुरेढोरे. एकदोन शब्द जुळले तर योगायोग म्हणता येईल, पण इथे ओळीने जुळतात, आणि जिथे जुळत नाहीत तिथे का जुळत नाहीत याचेही नियम सापडतात. इंग्रजीत ‘प्लेंटी’ आहे, त्यातला ‘प’ शाबूत आहे. का? कारण तो वारशाने आलेला नाही. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे पुष्कळ नंतर आलेला पाहुणा आहे आणि तोवर ‘प’चा ‘फ’ करण्याचा काळ संपला होता. ‘फुल’ आणि ‘प्लेंटी’ एकाच कुळातले, पण एक घरात वाढलेला आणि दुसरा बाहेरगावाहून आलेला!

या एका नियमानेच ‘फुल्ल’वाली यादी निकालात निघते. संस्कृत ‘फुल्ल’ म्हणजे उमललेला. त्यापासून आपले ‘फूल’ आले. तो कानाला इंग्रजी ‘फुल’सारखा लागतो हे खरे. पण इंग्रजीच्या ‘फ’ला संस्कृतात ‘प’ हवा, ‘फ’ नव्हे. म्हणजे जो तंतोतंत सारखा दिसतो तोच परका, आणि ‘पूर्ण’सारखा अजिबात न दिसणारा नात्यातला. सारखेपणाला भुलू नये, हा या विद्येचा पहिला धडा आहे. फारसीत ‘बद’ म्हणजे वाईट; आपण बदनाम, बदसूर म्हणतो. इंग्रजीत ‘बॅड’ म्हणजेही वाईट. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

दुसरा प्रश्न जोडाक्षराचा. ‘पूर्ण’मध्ये ‘र्ण’ आहे, ‘फुल’मध्ये एकेकाळी ‘ल्ल’ होता. हे कसे? इथे लिथुआनियन भाषा मदतीला येते. तिच्यात भरलेला म्हणजे ‘पिल्नस’. आता लोकर पाहा. संस्कृतात ‘ऊर्णा’, लिथुआनियनमध्ये ‘विल्ना’, गॉथिकमध्ये ‘वुल्ला’, इंग्रजीत ‘वूल’. म्हणजे पूर्ण, पिल्नस, फुल. आणि ऊर्णा, विल्ना, वूल. दोन्ही रांगा एका मापाच्या. मूळचा ‘ल्न’ लिथुआनियनने जपला, आणि जर्मानिकने ‘न’ला ‘ल’मध्ये विरघळवून ‘ल्ल’ केला. *फुल्नझ् चा *फुल्लझ् झाला.

मराठी माणसाला यात नवल वाटायला नको, कारण हाच खेळ आपल्या अंगणात झाला आहे. प्राकृतात ‘पूर्ण’चा ‘पुण्ण’ झाला. कर्ण, कण्ण, कान. पर्ण, पण्ण, पान. दोन वेगळी व्यंजने शेजारी आली की एकाने दुसऱ्याला आपल्यासारखे करून घ्यायचे. आपल्याकडे ‘ण’ जिंकला, तिकडे ‘ल’ जिंकला. हजारो मैलांवरच्या दोन समाजांनी, एकमेकांना न विचारता, तोंडाला सोपे पडेल ते केले. १८७७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मुंबईत विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली. संस्कृतातून पाली, प्राकृत आणि आजच्या भाषा कोणत्या वाटेने आल्या याची मांडणी त्यांनी तिथे केली आहे. भांडारकरांना संस्कृतचा अभिमान कमी होता असे म्हणण्याची कुणाची छाती आहे? पण त्यांनी याद्या फिरवल्या नाहीत, नियम शोधले.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो: ‘पूर्ण’मधला ‘पू’ दीर्घ का? शाळेत संस्कृत शिकलेल्यांनी आठवून पाहावे. कृ, कृत. हृ, हृत. भृ, भृत. ऱ्हस्व ‘ऋ’चे धातू असे वागतात. पण तॄ, तीर्ण (म्हणून आपण परीक्षेत उत्तीर्ण होतो). जॄ, जीर्ण. कॄ, कीर्ण. आणि पॄ, पूर्ण. हे दीर्घ ‘ॠ’चे धातू. एरवी ‘ईर’ होतो, पण आधी ओठांचे अक्षर असेल तर ‘ऊर’. म्हणून ‘प’नंतर ‘पूर्ण’. हे सगळे पाणिनीने टिपून ठेवले आहे. दोन प्रकारचे धातू आहेत आणि ते वेगळे वागतात, हे त्याने अचूक पाहिले.

ते वेगळे का वागतात, याचे उत्तर १८७८ साली लाइपझिगमध्ये शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या फर्दिनां द सोस्यूरच्या तर्कातून पुढे आले. मूळ भाषेत काही ध्वनी होते, ते सगळ्या ज्ञात भाषांतून नाहीसे झाले. जाताना मागे खुणा ठेवून गेले, आणि संस्कृतातला हा दीर्घपणा ही त्यातली एक खूण. लोकांनी फारसे मनावर घेतले नाही. १९१३ मध्ये तो वारला. १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नीने तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या विटांवरची हित्ती भाषा उलगडली, आणि १९२७ मध्ये कुरिलोविच या पोलिश अभ्यासकाने दाखवून दिले की सोस्यूरने सांगितलेल्या जागी हित्तीत खरोखरच एक ‘ह’सारखा ध्वनी लिहिलेला आहे. आपण ‘अस्थि’ म्हणतो, ग्रीक ‘ओस्तेओन’ म्हणतात, हित्तीत तो शब्द ‘हस्ताइ’ असा निघाला. कागदावर मांडलेले अनुमान जवळपास पन्नास वर्षांनी मातीतून खरे ठरले.

म्हणून आपल्या विशेषणाचे सगळ्यात जुने रूप अभ्यासक साधारण असे लिहितात: *पॢह्नोस्. त्यातला ‘ह’ त्याच हरवलेल्या कुटुंबातला एक. ‘पॢ’ म्हणजे भरणे, आणि ‘नोस्’ म्हणजे आपला ‘जीर्ण’, ‘तीर्ण’मधला ‘ण’.

आता भाच्याला उत्तर. बाळा, ऐकला कुणी, असे तू विचारतोस. *फुल्लझ् चा शेवट ‘अझ्’ आहे. आज इंग्रजीत तो नाही, जर्मनमध्ये नाही, गॉथिकमध्येही नुसता ‘स’ उरला आहे. मग हा ‘अझ्’ काय हवेतून काढला? डेन्मार्कमध्ये गालेहुस येथे १७३४ साली सोन्याचे एक शिंग सापडले, इसवी सन ४०० च्या सुमाराचे. १८०२ मध्ये ते चोरीला जाऊन वितळवले गेले, पण त्यावरच्या रूनी अक्षरांची नक्कल आधीच झाली होती. त्यात एक शब्द आहे ‘होल्तियझ्’. शेवट बघ.

आणखी पुरावा फिनलंडमध्ये आहे. फिनिश भाषा या कुळातलीच नाही. तिने फार पूर्वी शेजाऱ्यांकडून काही शब्द उसने घेतले आणि, जुन्या घरात पितळी भांडी राहावीत तसे, जवळजवळ तसेच ठेवले. राजाला फिनिशमध्ये ‘कुनिंगस’ म्हणतात. अभ्यासकांचा तारांकित शब्द आहे *कुनिंगझ्. अंगठीला ‘रेंगस’, तारांकित *ह्रिंगझ्. आणि विशेषणच हवे असेल तर ‘काउनिस’, म्हणजे सुंदर. तारांकित *स्काउनिझ्, ज्याचा आजचा जर्मन वंशज ‘श्योन’. घरात बसून रचलेला शब्द फिन लोकांच्या तोंडी कसा गेला असता?

हाच ‘अझ्’ म्हणजे लिथुआनियन ‘पिल्नस’मधला ‘अस’, लॅटिन ‘प्लेनुस’मधला ‘उस’, आणि आपल्या ‘पूर्णः’मधला विसर्ग. देव शब्द चालवताना पहिल्याच घरात ‘देवः’ म्हणून जो विसर्ग आपण पाठ केला, त्याचा भाऊ त्या सोन्याच्या शिंगावर कोरलेला होता.

आणि तारा काढणारे अहंकारी असतात हेही खरे नाही. आउगुस्ट श्लायखरने अनुमानित शब्दांना तारा लावायची रीत घालून दिली. १८६८ मध्ये त्याने मूळ भाषेत मेंढी आणि घोडे यांची एक छोटी गोष्टच लिहून काढली. त्याची ती भाषा दिसायला बरीचशी संस्कृतसारखी होती, कारण तेव्हा संस्कृतचे स्वर सर्वात जुने आहेत असे मानत. पुढे पुरावा वेगळा निघाला. हेर्मान हिर्टने तीच गोष्ट वेगळ्या स्वरांनी पुन्हा लिहिली, ती १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुरावा बदलला की शब्द बदलायचा, ही ताऱ्यामागची अट आहे. आमची यादी मात्र पिढ्यानपिढ्या तीच.

आता भावजींकडे वळते. तुम्ही म्हणाल, एवढे सगळे जुळते तर मग ‘पूर्ण’पासूनच ‘फुल’ निघाला असे म्हणायला काय हरकत आहे? संस्कृत जुनी आहे, इंग्रजी कालची.

हरकत ‘ल’ची आहे. लिथुआनियन ‘पिल्नस’, रशियन ‘पोल्नी’, लॅटिन ‘प्लेनुस’ (घडण थोडी वेगळी, धातू तोच), जुन्या आयरिशमध्ये सुरुवातीचा ‘प’ गळून ‘लान’, जर्मानिक *फुल्लझ्. सगळीकडे ‘ल’. ‘र’ फक्त संस्कृतात आणि तिच्या इराणी बहिणींत: अवेस्तात ‘पेरेन’, फारसीत ‘पुर’. मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. एका बाकावरच्या दोघांच्या उत्तरात ‘र’ आहे आणि वर्गातल्या बाकीच्या सगळ्यांच्या उत्तरात ‘ल’ आहे, तर बाकीच्यांनी त्या बाकावरून उतरवले असे कोणता परीक्षक म्हणेल?

कुणी म्हणेल, मूळ ‘र’च असेल, युरोपियनांना तो म्हणता येत नसेल. येत होता की! भ्रातृ, ब्रदर. त्रि, थ्री. रुधिर आणि रेड. तिथे ‘र’चा ‘र’ आहे. पण पूर्ण आणि फुल, ऊर्णा आणि वूल, श्रु (ऐकणे) आणि लाउड, सूर्य आणि लॅटिन ‘सोल’, इथे त्यांचा ‘ल’ आणि आपला ‘र’. म्हणजे मुळात दोन वेगळे ध्वनी होते, आणि आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी मिसळून एक झाले. गाईचे आणि म्हशीचे दूध एका पातेल्यात ओतता येते. ओतल्यावर शेजारणीने त्यातून गाईचे वेगळे आणि म्हशीचे वेगळे काढून नेले, असे सांगितले तर कुणी विश्वास ठेवील का? ‘फुल’ संस्कृतातून निघायचा असेल तर युरोपातल्या प्रत्येक भाषेला नेमके हेच करावे लागले असते, आणि तेही प्रत्येक शब्दात न चुकता, सारखेच.

आपल्याकडेही जुना ‘ल’ अधूनमधून डोकावतो. ‘पुरु’ म्हणजे पुष्कळ, हा त्याच धातूचा. जर्मन ‘फील’ आणि पॉलिटेक्निकमधला ग्रीक ‘पॉली’ हे त्याचे भाऊ. ऋग्वेदात अगस्त्य आणि लोपामुद्रा यांच्या सूक्तात ‘पुलुकाम’ असा शब्द आला आहे, म्हणजे पुष्कळ इच्छा असलेला. तिथे ‘पुरु’ नाही, ‘पुलु’ आहे. वेदांनीच साक्ष दिल्यावर आता आणखी कुणाची हवी?

तेव्हा पूर्ण आणि फुल ही भावंडे आहेत. दोघांचे आईवडील गेले, त्यांचा फोटो नाही, पण दोघांच्या चेहऱ्यांवरून ते कसे दिसत असतील हे बरेचसे सांगता येते. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याला विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्याबद्दल हेच सुचवले होते: एकच उगम, जो कदाचित आता उरलेला नाही.

यात संस्कृतचा अपमान कुठे झाला? उलट, तिच्यावाचून युरोपियनांचे पान हलत नव्हते. एकच उदाहरण देते. ग्रिमच्या नियमाला एक अपवाद डाचत होता. भ्रातृ आणि पितृ, दोन्हींत ‘त’, पण गॉथिकमध्ये एकाचा झाला ‘ब्रोथर’ आणि दुसऱ्याचा ‘फादर’, म्हणजे एकात ‘थ’ आणि दुसऱ्यात ‘द’. आजच्या जर्मनमध्येसुद्धा ‘ब्रुडर’ आणि ‘फाटर’ असा फरक आहे. १८७०च्या दशकात कार्ल व्हेर्नर या डॅनिश माणसाने कोडे सोडवले. कशाने? वैदिक स्वरांनी! ‘भ्रातृ’मध्ये उदात्त पहिल्या अक्षरावर आहे, ‘पितृ’मध्ये शेवटच्या. जर्मानिक भाषांनी तो आघात कधीच टाकून दिला होता, पण आपल्या वैदिकांनी, लिहून न ठेवता, गुरूच्या तोंडून शिष्याच्या तोंडी, तो आघात जसाच्या तसा सांभाळला होता. जर्मनच्या घरातले भांडण आपल्या पाठशाळेतल्या स्वराने मिटले. *फुल्लझ् च्या शेवटी ‘स’ नसून ‘झ्’ का, तेही व्हेर्नरच्या याच शोधामुळे कळले. अभिमान बाळगायचा तर याचा बाळगा ना! हा खरा आहे आणि कुणी खोडू शकत नाही. खोट्या अभिमानाचा तोटा हा की तो उघडा पडला की बरोबरचे खरेही लोक खोटे समजू लागतात. भाच्याचा ताऱ्यांवरचा राग कशातून आला, याचा भावजींनी एकदा शांतपणे विचार करावा.

आता ते शेवटी सांगायचे राखून ठेवलेले. त्या यादीतला मला सर्वात खटकणारा शब्द ‘जननी’ नाही, ‘अपभ्रंश’ आहे. पतंजलीपासून तो चालत आला आहे. ‘गौः’ हा एक शुद्ध, आणि लोक बोलतात ते गावी, गोणी, गोता वगैरे सगळे अपभ्रंश, असे महाभाष्यात आहे. पतंजली व्याकरण सांगत होता, ते त्याचे काम होते. पण त्या ‘गावी’च्याच वळणाने आपल्या गोठ्यातली गाय आली! बदल म्हणजे घसरण, असे एकदा मनात बसले की ‘फुल’ हा बिघडलेला ‘पूर्ण’ ठरतो. मग त्याच न्यायाने कान हा बिघडलेला कर्ण, पान हे बिघडलेले पर्ण, आणि मराठी ही बिघडलेली संस्कृत. इंग्रजीला खाली खेचायला काढलेल्या दोराने आपण आपल्याच भाषेला फास लावतो.

आणि तो फास वर्गात मुलांच्या गळ्याशी येतो. खेड्यातून येणारी मुले ‘पानी’, ‘लोनी’ म्हणत. ‘पौर्णिमा’ न म्हणता ‘पुनव’ म्हणत. त्यांना हसणारे शिक्षक मी पाहिले आहेत. एकदा हसले की ते मूल पुढे वर्षभर हात वर करत नसे. उत्तर येत असूनही गप्प बसलेली मुले मी मागच्या बाकांवर पाहिली आहेत. त्यातली काही पुढे शाळेतच आली नाहीत.

आता त्या हसणाऱ्यांचेच माप त्यांना लावू. संस्कृतात शब्द आहे ‘पानीय’. त्यात ‘न’ आहे. ‘लोणी’ आले ‘नवनीत’पासून. त्यातही ‘न’ आहे. म्हणजे ‘ण’ केला तो प्रमाण मराठीने! संस्कृतच्या जवळ जायचे तर मागच्या बाकावरचा ‘पानी’ म्हणणारा मुलगा गुरुजींपेक्षा जवळ आहे. उलट ‘कर्ण’मध्ये ‘ण’ असताना ‘कान’मध्ये आपण ‘न’ म्हणतो, तिथे कुणी हसत नाही. कारण शुद्ध काय हे शब्द ठरवत नाही, कोण बोलतो यावरून ठरते. प्रमाण भाषा मुलांना शिकवलीच पाहिजे. मी जन्मभर शिकवली. पण ती एक सोयीची रीत म्हणून शिकवावी, त्यांच्या आईची बोली नासकी आहे असे सांगून नव्हे.

‘पुनव’ हा बिघडलेला शब्द नाही. पूर्णिमा, पुण्णिमा, पुनव, असा तो नियमाने चालत आलेला शब्द आहे, *फुल्नझ् पासून *फुल्लझ् आणि त्यापासून ‘फुल’ आला तितक्याच शिस्तीने. होळीला पोळीत जे भरता ते ‘पुरण’ याच धातूचे, ‘पूरण’ म्हणजे भरणे. इंग्रजीत त्याला ‘फिलिंग’ म्हणतील, आणि तो ‘फिल’ही *फुल्लझ् पासूनच निघाला. पुरण आणि फिलिंग यांत कोण कुणाचा अपभ्रंश? कुणीच नाही. दोन्ही आपापल्या घरी शिजले.

तेव्हा भावजी, यादी पुढे पाठवण्याआधी दोन गोष्टी विचारा. हा शब्द नियमाने जुळतो की नुसता कानाला जुळतो? आणि जुळत असेल, तर तो मुलगा आहे की भाऊ? उत्तर मिळाले नाही तर निदान एक तारा तरी काढा. आणि भाच्या, तू तारा पाहून नाक मुरडण्याआधी त्याच्या मागचे उत्तर वाच.

पुरे आता. (हा ‘पुरे’सुद्धा त्यांच्यातलाच बरं का!)